गाडी आधी कुणाकडे

९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न वाचताच फाडायचा बेत असेल, तर निदान एवढं वाच: मी माफी मागत नाहीये आणि तुलाही मागायला लावत नाहीये. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, वाचल्याची खूण मला दिसते, आणि मग दिवसचे दिवस काही नाही. पत्राचं बरं असतं. वाचलंस की नाही ते मला कळणार नाही, म्हणजे वाचलंस असं धरून चालता येईल.

कामाचं बोलते. तू गेलास तेव्हा आपली कंपनी म्हणजे घरोघरच्या पेशंटना ऑक्सिजनची मशीनं भाड्याने देणारी एक मोठी टपरी होती. फोन वाजला की जो जवळ असेल त्याने उचलायचा, पत्ता तळहातावर लिहायचा, आणि हात धुतले की पत्ता गेला. आता चार गावांत आपल्या गाड्या फिरतात. फोनवर मुली बसतात, त्यांच्या पाळ्या लागतात. आणि हो, ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ज्या सीआरएमवरून तू सगळ्यांच्या देखत तो टॅब पाण्याच्या पिंपात टाकलास आणि तडक निघून गेलास, ते सॉफ्टवेअर आता सगळ्यांच्या हातात बसलंय. ग्राहकाचा फोन आला की त्याचं मशीन, मागची दुरुस्ती, मागचं भांडण, सगळं समोर उघडतं. फिल्टर कधी बदलायचा ते आपण लक्षात ठेवत नाही, सिस्टीमच आपल्या मागे लागते. आपल्या वेळी किती जणांचे फिल्टर बदलायचे राहून जायचे, आठव. तू चुकलास हे माझं मत अजून तेच आहे.

पण एक अडचण आहे. नवीन मशीनं घेतलीत, त्यातली काही तासभर चालली की घरघरतात आणि हवा कमी देतात. मेकॅनिक पोरं पुस्तकात बघून उघडतात आणि पुस्तकात बघून बंद करतात. तू एकदा येऊन बघशील? ऑफिसात नको येऊस. गोदामात ये. मी तिथे नसेन.

घरी सगळं ठीक. आई गुडघ्यांवर चिडलेली असते. बाबा घरीच असतात.

छोटी


२ फेब्रुवारी

दादा,

गोदामाच्या पोरांना रोज विचारते, कुणी आलं होतं का. कुणी आलं नाही.

मागच्या पत्रात मी 'बाबा घरीच असतात' असं लिहून गेले. तुला खटकलं असेल. खटकावं म्हणूनच लिहिलं असेन बहुतेक. बाबा आणि घरी? सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणाचं तरी फाटक वेल्डिंग करून द्यायला सायकल काढणारा माणूस. त्या वेल्डिंगच्या धुराने शेवटी हिशेब मागितलाय. फुप्फुसं गेली आहेत, दादा. थंडी सुरू व्हायच्या आधीपासून नाकात नळी आहे. रात्रंदिवस मशीन लागतं. संडासला जाताना नळी लांब करून जातात.

तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणाले, "कळवलंस तर तो येईल. मी आजारी म्हणून आलेला मुलगा मला नको. यायचं तर त्याचा तो येऊ दे." मी शब्द दिला होता. आज मोडला.

गंमत ऐक. बाबा आपले ग्राहक आहेत. सिस्टीममध्ये नोंद केल्याशिवाय मशीन गोदामाबाहेर काढायचं नाही हा नियम मीच केला, त्यामुळे बाबांचीही नोंद केली. भाडं शून्य, जबाबदार व्यक्ती मुलगी. आता सिस्टीम त्यांना सोडत नाही. 'प्रिय ग्राहक, आमच्या प्रतिनिधीची वागणूक आपल्याला कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.' प्रतिनिधी म्हणजे मी, सकाळी फिल्टर बदलून गेले होते. बाबांनी दोन तारे दिले आणि खाली लिहिलं, 'प्रतिनिधी उभ्या उभ्या आली आणि उभ्या उभ्या गेली.' सोमवारच्या मीटिंगमध्ये असमाधानी ग्राहकांची पाटी भिंतीवर झळकली, त्यात सगळ्यात वर माझे वडील. मुली तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. मीही हसले. मग बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आई रोज जेवताना एक ताट जास्त काढते आणि परत ठेवते. मुद्दाम करते असं नाही.

ये ना.

छोटी


२६ फेब्रुवारी

दादा,

तू नाहीसच येणार, असं धरून लिहिते. म्हणजे मोकळेपणी लिहिता येतं.

माझा जीव मेटाकुटीला आलाय. आपण एका मोठ्या खासगी रुग्णालयाचं काम घेतलंय, त्यांच्या सगळ्या शाखांना सिलिंडर आणि मशीनं आपण पुरवायची. मिळालं त्या दिवशी ऑफिसात मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून एकही गाडी वेळेवर पोचलेली नाही. एका दारात माल उतरवेपर्यंत दुसऱ्या दारातून तीन फोन. दोन मुली सोडून गेल्या. एक म्हणाली, "ताई, मला स्वप्नातपण लोक धापा टाकत फोन करतात."

म्हणून एक सल्लागार ठेवलाय. उकाड्यातही टाय लावतो, त्यामुळे सगळे त्याला टायवाला म्हणतात. माणूस वाईट नाही. त्याने सिस्टीममधल्या ग्राहकांचे गट पाडून दिले. भरपूर व्यवसाय देणारे सोनं, मधले चांदी, किरकोळ भाड्याचे तांबं. जे सवलतीत किंवा फुकट आहेत त्यांना धातूच नाही, त्यांचा रंग राखाडी. तक्रार आली की सोन्याची आधी. मी विचारलं, "आणि राखाडीची?" तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळ्यांकडे एकदम धावता म्हणून कुणाकडेच पोचत नाही."  खरं सांगू? बरं वाटलं. कुणीतरी मला धावायचं थांबवतंय असं वाटलं. मी होकार दिला.

आपला पैलवान आठवतो ना? तोच, तुझ्या गाडीवर असायचा, अजून गाडी चालवतो. त्याने रंग बघितले आणि विचारलं, "शिंपीणबाई राखाडी का?" ती मागच्या गल्लीतली बाई, नाकात नळी घालून शिवणयंत्रावर बसते, आपल्या मशीनांची सगळी कापडी आवरणं तिने शिवलीत. एका बाजूला शिवणयंत्र, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. म्हणते, "दोन्ही एकदम चालतात, बंदही एकदमच पडतील." तिचं भाडं तूच माफ केलं होतंस. मी पैलवानाला म्हटलं, "अरे, तो नुसता रंग आहे."

बाबाही राखाडीच आहेत.

आणखी एक. सिलिंडर कमी पडतायत, म्हणून घरचा जादा सिलिंडर मी तात्पुरता उचललाय. वीज गेलीच तर वापरायचा म्हणून ठेवला होता तो. रुग्णालयाला कमी पडत होता. बाबाच म्हणाले, ने. नवीन माल आला की पहिला घरी ठेवणार आहे.

तू असतास तर ओरडला असतास. मला सध्या ओरडणारं कुणी नाही.

छोटी


१९ मार्च

दादा,

बाबा हॉस्पिटलात आहेत. घशात नळी घातली आहे, श्वास यंत्र देतंय. शुद्धीवर नाहीत. परवा अर्ध्या शहराची वीज गेली, घरचं मशीन बंद पडलं, सिलिंडर पोचायला उशीर झाला.

हॉस्पिटलचं नाव तुला मेसेज केलंय. वाचल्याची खूण दिसली.

लवकर ये. बाबांनी काय बजावलं होतं ते विसर. 'मी आजारी म्हणून आलेला मुलगा नको' म्हणाले होते, पण आता ते काहीच म्हणत नाहीयेत.

छोटी


२१ मार्च

दादा,

'सिलिंडर पोचायला उशीर झाला' असं मी लिहिलं. ते खोटं नाही, पण सिलिंडर काय आपल्या पायांनी चालत जात नाही. उशीर कसा झाला ते लिहिते. आई माझ्याशी फारशी बोलत नाही, डॉक्टर घाईत असतात. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला इथे बसवत नाही.

दुपारची जेवणं उरकत होती. पंखे थांबले. आपल्याला वाटतं येईल दोन मिनिटांत. मग बाहेरून कुणीतरी आलं, म्हणालं, गावाबाहेरच्या वीजकेंद्राला आग लागलीय, उद्यापर्यंत काही खरं नाही. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांच्या एकदम डोक्यात आलं. आपली मशीनं विजेवर चालतात. वीज गेली की तो नुसता पांढरा डबा. ज्याच्या घरी भरलेला सिलिंडर आहे तो तरला. बाकीच्यांनी काय करायचं?

ऑफिसला बॅटरी आहे, सिस्टीम चालू होती. तिच्यात आणीबाणीचं बटण आहे. दाबलं की सिलिंडर आधी कुणाकडे न्यायचा याची यादी गाड्यांसकट तयार होते. टायवाल्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. मी दाबलं. यादी आली, ड्रायव्हरांच्या फोनवर गेली, गाड्या सुटल्यासुद्धा. मुलींपैकी कुणीतरी 'वा' म्हणालं.

मी बाबांचं नाव बघायला यादी खाली सरकवत गेले. सरकवतच गेले. आणि तेव्हा मला वरची नावं दिसायला लागली. सगळ्यात वर ते रुग्णालय. त्यांच्या तळघरात ट्रकएवढा जनरेटर आहे, दादा. त्याखाली सोन्याची घरं, जिथे जादा सिलिंडर आपणच ठेवून आलोय, आपल्या योजनेतच आहे ते. मग चांदी. आणि सगळ्यात शेवटी राखाडी, ज्यांच्याकडे जादा काहीच नाही. यादीत एक नाव चुकलं नव्हतं. फक्त ती डोक्यावर उभी होती.

मी ओरडले, "गाड्या थांबवा!"

थांबवल्या. पण थांबवून पाठवायच्या कुठे? कोण मशीनशिवाय तासभर राहील आणि कोण पाच मिनिटं राहणार नाही, हा रकानाच आम्ही ठेवला नव्हता. ग्राहकाचा वाढदिवस होता. त्याला सकाळी फोन केलेला चालतो की संध्याकाळी, तेही होतं. डॉक्टरांची चिठ्ठी होती, पण फोटो काढून चिकटवलेली, एकेक उघडून वाचायची, आणि त्यात ते डॉक्टरांचं अक्षर. मग आम्ही सगळ्यांनी फोन हातात घेतले. मुली, मी, टायवालासुद्धा. त्याने टाय सोडून खिशात कोंबला आणि राखाडी यादीचं शेवटचं पान स्वतःकडे ओढून घेतलं, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. प्रत्येकाला विचारायचं: सिलिंडर आहे का? बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा किती दिसतोय? आकडा खाली गेला की माणूस गेला, एवढं आम्हाला सगळ्यांना कळतं. उत्तर आलं की फळ्यावर लिहायचं, आणि पैलवान आणि बाकीचे ड्रायव्हर फळ्याप्रमाणे निघायचे. कितीतरी फोन लागतच नव्हते. काही ठिकाणी नुसत्या धापा ऐकू यायच्या. पत्ता सिस्टीममध्ये होता, त्यामुळे त्यांच्याकडे पोचलो. सिस्टीमला नुसत्या शिव्या घालता येत नाहीत, बघ.

बाबांना फोन मी केला. घरचा उचललेला सिलिंडर परत ठेवायचा राहूनच गेला होता. त्यांनी आकडा सांगितला. चांगला होता. म्हणाले, "आधी दुसऱ्यांचं बघ." मी फळ्यावर त्यांना खाली लिहिलं आणि पुढचा नंबर फिरवला.

शिंपीणबाईचा आकडा आम्हाला तिच्या शेजारणीने सांगितला. ऐकून मुलीने तिचं नाव फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं. पैलवान तिकडे निघाला, त्याच्या गाडीत शेवटचा सिलिंडर होता. त्या भागातली दुसरी गाडी गोदामात भरायला गेली होती. सिग्नल बंद, रस्ते तुंबलेले. पैलवान तिच्या दारात पोचला आणि त्याच मिनिटाला माझ्या फोनवर आई. "अगं, ह्यांचे ओठ काळे पडलेत. मी खाली पाणी आणायला गेले होते. उठत नाहीयेत."

पैलवान दुसऱ्या फोनवर होता. त्याने आईचा आवाज ऐकला असणार. म्हणाला, "ताई, सांगा. इथे उतरवू, का तिकडे वळू?"

मी विचारलं, "ती कशी आहे?"

"दारातच बसलीय. माझ्याकडे बघतीय."

मी म्हटलं, "उतरव."

 मग सिलिंडर पायरीवर टेकवल्याचा आवाज आला.

दुसरी गाडी घरी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी बाबांना खुर्चीत बसवून जिना उतरवला होता. पुढचं तुला माहीत आहे.

शिंपीणबाई जगली. घरी आहे. परत शिवतेय म्हणे.

मी बरोबर केलं का, दादा? मला धीर नको देऊस. तू धंद्यातला माणूस आहेस, तू त्या गाडीत असतास तर काय केलं असतंस, तेवढंच सांग. नसेल सांगायचं तर कोरा कागद पाठव, पण पाठव.

छोटी


२९ मार्च

दादा,

कोरा कागदही आला नाही.

रुग्णालयाने आपलं काम काढून घेतलं. कारण दिलंय की ऐन आणीबाणीत आपली गाडी त्यांच्याकडे निघून अर्ध्या रस्त्यातून परत फिरली. जनरेटर चालू होता ना, म्हणून विचारलं, तर त्यांचा साहेब म्हणाला, "प्रश्न तत्त्वाचा आहे." दोन गाड्या उभ्या कराव्या लागतील. पोरांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि 'गाडी धुतली का' असं काहीतरी विचारून येते.

डॉक्टर रोज एकच वाक्य बोलतात: "आज कालच्यासारखंच आहे." मी रोज ते वाक्य उलटंसुलटं करून बघते, त्यातून काही निघतं का.

आईबद्दल लिहायचं नव्हतं. पण लिहिते. चार दिवसांपूर्वी आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. बाबांचा फोन आईच्या पिशवीत असतो. तो वाजला. आईने चष्मा लावून वाचला आणि माझ्यापुढे धरला. 'प्रिय ग्राहक, सतरा तारखेची आपली सिलिंडरची मागणी पूर्ण करण्यात आली आहे. आपला अनुभव कसा होता? तारे द्या.'

गाडी रिकाम्या घरी पोचली होती. ड्रायव्हरने सिलिंडर दारात ठेवला आणि 'पूर्ण' दाबलं. पुढचं सिस्टीमने केलं. बंद करायचं मला सुचलंच नव्हतं.

मी म्हटलं, "आई, तो मेसेज आपोआप जातो."

आई म्हणाली, "तू बापाला रांगेत उभं केलंस."

बस्स, एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. फोन पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद घट्ट ओढला. त्यानंतर ती मला फक्त "सरक" म्हणते, बाकावर जागा हवी असली की.

तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. शिंपीणबाईला मरू द्यायचं होतं असंही मला म्हणता येत नाही. मी दोन्हीकडून अडकलेय. पैलवान रोज कामावर येतो, सिलिंडर चढवतो, उतरवतो, माझ्या नजरेला नजर देत नाही. काल मी त्याला थांबवलं. म्हटलं, "तू का विचारलंस मला? वळायचं तर वळायचं होतंस." तो म्हणाला, "ताई, माझ्याच्याने झालं नसतं. म्हणून विचारलं." आणि हातमोजे घालून गेला.

मला वाटतं मी हे पत्र तुला पाठवू नये. पण पाठवते. तू वाचतोयस की नाही याच्याशी आता माझं काही देणंघेणं राहिलेलं नाही. लिहिलं नाही तर मी इथे या फरशीवर बसून किंचाळेन, एवढंच आहे.

ये रे. भांडायला ये. परत एक टॅब देते, टाक पिंपात. पण ये.

छोटी


४ एप्रिल

दादा,

तुझा मेसेज आला. 'उद्या पोचतो. आईला सांगू नको.' मी फोन कितीदा उघडून बघितला ते विचारू नकोस. आईला सांगितलं नाही. पण आज तिने केस विंचरले आणि मला म्हणाली, "तूपण जरा तोंड धू." म्हणजे ओळखलंय.

तुला आणायला पैलवान येईल. हे पत्र त्याच्याच हाती देतेय. गाडीत वाच, वर यायच्या आधी. समोरासमोर मला हे सांगता येणार नाही, तुझ्यापुढे आले की मी भांडायला लागेन.

घशातली नळी परवा काढली. डॉक्टर म्हणाले, आता मशीन कायमचं, घर आणि पलंग, तेवढंच. फार चालणं-बोलणं नाही. आई आत गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या, तसे ते उडवतात ना भाजीत मीठ नसलं की. आई पदर तोंडाला लावून बाहेर आली.

काल दुपारी मी एकटी होते त्यांच्याजवळ. आवाज खरखरीत झालाय, कान जवळ न्यावा लागतो. म्हणाले, "आकडा मनाचा होता."

मी म्हटलं, "कुठला आकडा?" माहीत असून विचारलं.

"तुला फोनवर सांगितला तो. ते बोटाचं यंत्र आतल्या कपाटात होतं. उठवत नव्हतं."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"सवय." मग बराच वेळ श्वास घेत राहिले. मला वाटलं संपलं बोलणं. "मला वाटलं, तू आवाजावरून ओळखशील."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"मी घाबरलो होतो, छोटे," ते म्हणाले. "फार घाबरलो होतो."

बाबा. ज्यांनी आपल्याला झाडावरून उडी मारायला शिकवलं ते. दादा, मला वाटत होतं ते शुद्धीवर आले की म्हणतील, बरं केलंस, त्या बाईला वाचवलंस. मी मनात तसं ऐकूनही ठेवलं होतं. ते तसं म्हणाले नाहीत. शिंपीणबाईचं त्यांना मी नंतर सांगितलं. ऐकून घेतलं. "जगली ना?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. 'आधी दुसऱ्यांचं बघ.' तीन शब्द आहेत. ते म्हणताना बाबा दोनदा श्वासासाठी थांबले होते. मला ऐकू आलं होतं. फोनवरच्या कुठल्याही मुलीने मला येऊन असं सांगितलं असतं, की पेशंट तीन शब्दांत दोनदा थांबतोय, तर मी म्हटलं असतं, आकडा सोड, गाडी काढ. पण आकडा चांगला होता आणि त्या घटकेला मला एक तरी चांगला आकडा हवा होता. म्हणून मी आकडा लिहिला आणि आवाज सोडून दिला. पैलवान दारात पोचून मला विचारत होता त्याच्या कितीतरी आधी मी बाबांना रांगेत मागे टाकलं होतं. आईला हे माहीत नाही, आणि तरी ती बरोबर बोलली.

हे मी बाबांना सांगितलं. काल, तिथेच. त्यांचा हात माझ्या हातात होता. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पांघरुणाखाली नेला. रागाने की थंडी वाजत होती म्हणून, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

सिस्टीममध्ये आता तो रकाना आहे. विजेशिवाय किती वेळ निघेल. टायवाल्याने आणि मुलींनी मिळून केला, सोनं-चांदी काढून टाकलं, एकेका घरी फोन करून भरतायत. चांगलं काम आहे ते, आणि कंपनी टिकली तर त्याच्यावरच टिकेल. पण मी बसून बसून विचार करते, बाबांना विचारलं असतं तर त्यांनी त्या रकान्यातही मनाचाच आकडा सांगितला असता. आणि मी तो भरला असता.

म्हणून तुला एकच सांगते. आत गेलास की त्यांना 'कसे आहात' म्हणून विचारू नकोस. 'एकदम मस्त' म्हणतील. खुर्ची पलंगाला भिडवून बस, आणि ते बोलायला लागले की कुठे कुठे थांबतात ते ऐक.

मी बाहेर बाकावर आहे. मलाही विचारू नकोस.

छोटी